बसल्या जागेवरून दिवाणखाना

छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे जुन्या औरंगाबादेत, गुलमंडीच्या गल्ल्यांत जी थोडी जुनी घरं टिकून आहेत, त्यांची ठेवण साधारण सारखी. खाली दुकान, बाजूने अरुंद जिना आणि वर रस्त्याच्या अंगाला दिवाणखाना. अशा दिवाणखान्यात पहिल्यांदा शिरणाऱ्याला वाटतं, गवंड्याचं काहीतरी चुकलंय. खिडक्या जमिनीपासून वीत-दीड वीत उंचीवरच सुरू होतात, पुढे लाकडी नाहीतर लोखंडी कठडा. कोनाडे गुडघ्याच्या जरा वर. उभ्याने काही पाहायचं म्हटलं तर वाकावं लागतं. पण भिंतीला पाठ टेकून खाली बसलं, की सगळं जागेवर येतं. खिडकीतून थेट रस्ता दिसतो, कोनाडा डोळ्यांच्या रेषेत येतो आणि माथ्यावरची तक्तपोशी उंच, ऐसपैस वाटू लागते. ही खोली बसलेल्या माणसासाठी बांधलेली आहे.

जुन्या घरांतल्या तसबिरी आठवून पाहा. त्या छताच्या जवळ, खिळ्यावरून दोरीने पुढे झुकवून टांगलेल्या असत. आज आपल्याला तो गबाळेपणा वाटतो. पण गादीवर बसलेल्या माणसाने मान वर केली, तर काचेवर खिडकीची तिरीप न येता देवाचा चेहरा नीट दिसावा, यासाठी तो कोन होता. राजा रविवर्म्याचा छापखाना मुंबईत १८९४ साली सुरू झाला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि त्यातून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरीच्या भिंतींवर अशाच झुकून बसल्या.

दिवाणखाना सजवण्याविषयी मला जे सांगायचं आहे ते एवढंच: पाहुणा कुठे बसणार आणि बसल्यावर त्याचे डोळे किती उंचीवर असणार, हे आधी ठरवायचं. रंग, पडदे, शोभेच्या वस्तू हे सगळं त्यानंतर. जमिनीवर मांडी घातलेल्या माणसाचे डोळे साधारण ७५ ते ८० सेंटिमीटरवर असतात, खुर्चीत बसलेल्याचे ११५ ते १२० वर, उभ्याचे दीडशेच्या आसपास. आपण सजावट करतो ती उभं राहून, एका हातात हातोडी घेऊन. पाहुणा दोन तास बसून ती पाहतो. बहुतेक घरांत दिवाणखाना बिनसतो तो इथेच.

या गावाला बैठकीचा सराव जुना आहे. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली, १६५३ मध्ये औरंगजेबाने तिला आपलं नाव दिलं. नंतर आसफजाही राजवट आली, आणि राजधानी हैदराबादला गेली तरी गाव १९४८ पर्यंत निजामाच्याच मुलखात राहिलं. पहाडसिंगपुऱ्यातल्या सोनेरी महालाचं नाव त्याच्या भिंतींवरच्या सोनेरी चित्रांवरून पडलं, म्हणजे बसायच्या जागेची भिंत रंगवण्याची हौस इथे बुंदेल्या सरदारांनाही होती. पेशवाईतल्या हौशीचा नमुना पाहायचा तर वाईजवळच्या मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यात किंवा चांदवडच्या होळकरांच्या रंगमहालात जावं. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात तर कोथरूडचा मस्तानी महालच उचलून आणून मांडलाय. सुरूदार खांब, महिरपी, केळफुलं हे सगळं तिथे जवळून पाहता येतं. पण पाहताना एक करावं. रखवालदाराची नजर चुकवून नव्हे, त्याला विचारून, क्षणभर खाली बसावं. महिरपीची कमान आपल्या डोक्याभोवती येते. ती कमान तिथे बसणाऱ्या यजमानाची चौकट होती.

जपानी घरांत हाच विचार वेगळ्या वाटेने आलेला दिसतो. तिथे मुख्य खोलीत तोकोनोमा नावाचा एक कोनाडा असतो, त्यात एकच चित्र आणि एखादी फुलांची मांडणी. मानाच्या पाहुण्याला त्या कोनाड्याकडे पाठ करून बसवतात. सगळ्यांत सुंदर वस्तू त्याला एकट्याला दिसत नाही, बाकीच्यांना त्याच्यासह दिसते. आपल्याकडे दाराच्या समोरची, लोडाची मधली जागा मानाची. आत येणाऱ्याला पहिल्यांदा तो माणूस दिसतो, मग खोली. दोन्हीकडे पाहुणा हाच सजावटीचा मुख्य भाग.

बैठक मांडायचीही एक रीत होती. सर्वांत खाली सतरंजी किंवा जाजम, जमिनीचा गारवा अडवायला. तिच्यावर भिंतीकडेने गाद्या, गाद्यांवर पांढरी चादर. मुसलमान घरांत अख्ख्या खोलीभर चांदणी, म्हणजे पांढऱ्या कापडाचा एकसलग पट्टा. मग पाठीला लोड, कोपराखाली तक्के. मारवाडी पेढीवरची गादी याच कुळातली, फक्त तिथे तक्क्याशेजारी वहीखातं. गुलमंडी, रंगारगल्ली, सराफा हा सगळा टापू मिश्र वस्तीचा, त्यामुळे या तिन्ही पद्धती एकमेकींकडे पाहत वाढल्या. पांढरं कापड परवडतं म्हणून नव्हे, मळतं म्हणून घालायचं. पाहुण्याला कळावं, की आज त्याच्यासाठी धुतलेलं काढलंय.

गादीचं मोठं शास्त्र आहे. मराठवाडा कापसाचा मुलूख. दिवाळीच्या आधी पिंजारी खांद्यावर धनुकली घेऊन गल्लीत यायचा. तिच्या तातीचा आवाज दुरूनच ओळखू यायचा, आणि मग दिवसभर अंगणात दडपलेला कापूस फुलून ढीग व्हायचा. नव्याने भरलेली गादी चार-पाच इंच उभी राहते, वर्षभरात निम्म्यावर बसते. म्हणजे पाहुण्याचे डोळेही वर्षाच्या शेवटी दोन-अडीच इंच खाली उतरलेले असतात. फोमला हे होत नाही, त्यासाठी फोमचं कौतुक करावं लागेल. पण तासाभराने फोम पाठीखाली तापतो आणि मराठवाड्यातल्या मे महिन्यात तापलेल्या फोमवर कुणाचं मन रमत नाही. लोडासाठी मात्र आजही कापूसच. फोमचा लोड टेकलेल्या माणसाला उलट ढकलतो.

अभ्र्यांसाठी या गावाला दुसरीकडे पाहायची गरजच नव्हती. हिमरू इथलं. महंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास दिल्लीहून राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हा बरोबर आलेल्या विणकरांपासून ही कला सुरू झाली असं सांगितलं जातं. किनखाब जरीचं आणि राजेरजवाड्यांचं. त्याच्या रूपाचं पण आटोक्यातलं कापड म्हणजे हिमरू. ताणा सुताचा, बाणा रेशमाचा, आणि नक्षीसाठी रेशमाचे जादा धागे. दुकानात हिमरू हातात घेतलं की आधी उलटं करून पाहा. मागच्या बाजूला नक्षीचे धागे मोकळे, लांब सोडलेले दिसतात. तिथे बोट फिरवलं तर मऊ लव लागते. या मोकळ्या धाग्यांमुळेच कापड अंगाला उबदार होतं, आणि त्यांच्यामुळेच ते अंगठीच्या खड्याला, बांगडीच्या टोकाला अडकतं. म्हणून हिमरू बसायच्या गादीवर घालू नये. ते तक्क्याच्या दर्शनी बाजूला, अस्तर लावून, किंवा भिंतीवर. रोजच्या घासाघासीला मशरू बरं. त्याची वीण उलट, ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा, त्यामुळे वर रेशमाची चकाकी आणि अंगाला सूत. शिवाय त्याचे पट्टे ठसठशीत असतात, लांबूनही भरतात.

हिमरूची नक्षी बारीक. डाळिंब, बदाम, वेलबुट्टी. ती वितीभराच्या अंतरावरून पाहायची चीज. ती पडद्याला लावली तर आठ फुटांवरून नुसता एक धुरकट रंग दिसतो आणि पैसे फुकट जातात. उलट तक्क्याला लावली तर पाहुणा बोलता बोलता त्यावरून हात फिरवतो. बारीक काम हाताशी, मोठं काम भिंतीशी, हा हिशेब पडद्यांच्या दुकानात उभं राहिलं की हमखास विसरतो, कारण तिथे सगळंच हाताशी असतं.

धातूच्या वस्तूंतही तेच. गाव निजामाच्या राज्यात असल्यामुळे बिदरची कामं इथल्या घरांत सहज आली. जस्तात थोडं तांबं मिसळून ओतलेली वस्तू, तिच्यावर कोरून ठोकलेली चांदी, आणि मग बिदरच्या किल्ल्यातल्या मातीचा लेप देऊन काळा केलेला धातू. चांदी मात्र पांढरीच राहते. पानदान, सुरई, हुक्क्याचं भांडं, उगालदान. पांढऱ्या चांदणीवर ही काळी-चंदेरी वस्तू बसलेल्या नजरेला वरून दिसायची आणि तिचं सोनं व्हायचं. आता तीच बिदरी काचेच्या कपाटात, वरच्या फळीवर, ट्यूबलाइटच्या उजेडात ठेवतात. तिथे ती शाळेतल्या बक्षिसासारखी दिसते. एक काळजी घ्यावी: सणाच्या साफसफाईत चिंच, पितांबरी, राख यांपासून बिदरीला वाचवावं. तो काळा रंगच तिचं वैभव आहे आणि घासला की जातो. मऊ फडकं आणि खोबरेल तेलाचं एक बोट पुरेसं.

मग खुर्ची आली. युरोपातल्या थोनेट कंपनीने १८५९ मध्ये वाफेवर वाकवलेल्या लाकडाची एक खुर्ची काढली. सहा तुकडे, थोडे स्क्रू, सुटी करून पेटीत भरायची आणि जगभर पाठवायची. मुंबईच्या इराणी हॉटेलांतल्या काळ्या गोल पाठीच्या खुर्च्या याच घराण्यातल्या. खुर्चीने आपल्या दिवाणखान्याला जवळपास हातभर वर उचललं, पण खिडक्या, कोनाडे आणि तसबिरी होत्या तिथेच राहिल्या. मधल्या काळातल्या फोटोंत ही ओढाताण दिसते. खाली जाजम, त्यावर वेताच्या खुर्च्या, खुर्च्यांच्या पाठींनी अर्धी झाकलेली खिडकी. खरी फजिती मात्र खुर्चीने नाही केली, टीव्हीने केली.

१९७० च्या दशकात सिडकोने शहराच्या पूर्वेला वसाहती उभ्या करायला घेतल्या आणि पेठांमधली कुटुंबं हळूहळू तिकडे सरकली. दिवाणखान्याचा हॉल झाला, दहा बाय बाराचा. पुढे १९८७ मध्ये दूरदर्शनवर रामायण लागलं आणि हॉलची एक भिंत कायमची ठरून गेली. सोफा त्या भिंतीसमोर, खुर्च्याही तिकडेच तोंड करून. इतकी वर्षं समोरासमोर बसणारी माणसं एका रांगेत बसू लागली. टीव्ही बंद असला तरी रांग मोडत नाही. शेजारी बसलेल्याशी बोलायला मान वळवावी लागते आणि दहा मिनिटांत मान थकते, मग बोलणंही.

याचा अभ्यास झालेला आहे. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात मनोविकारतज्ज्ञ हम्फ्री ऑस्मंड यांनी खोल्यांचे दोन प्रकार सांगितले: माणसांना जवळ आणणाऱ्या आणि माणसांना दूर लोटणाऱ्या. तिथल्याच एका रुग्णालयात वृद्धांचा छान नवा वॉर्ड होता, रंग ताजा, खुर्च्या नव्या, पण सगळ्या भिंतीला लावलेल्या. कुणी कुणाशी बोलेना. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सॉमर आणि त्यांच्या सहकाऱ्याने खुर्च्या भिंतीपासून काढून लहान टेबलांभोवती मांडल्या. थोडे दिवस म्हातारे कुरकुरले, खुर्च्या परत भिंतीला लावू लागले, पण नंतर बोलणं स्पष्ट वाढलं. हे काम १९५८ मध्ये प्रसिद्ध झालं. आपली जुनी बैठक भिंतीलाच लागलेली असायची, तरी ती दूर लोटणारी नव्हती, कारण ती दोन किंवा तीन बाजूंनी मांडत आणि बसलेल्यांची तोंडं आत असत.

मग अंतर किती ठेवायचं? अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी १९६६ च्या पुस्तकात औपचारिक भेटीचं अंतर ४ ते १२ फूट धरलं होतं. त्यांचा हिशेब अमेरिकी माणसांचा, आपण जरा जवळच बसतो. दहा फूट रुंदीच्या हॉलमध्ये एका भिंतीला सोफा आणि समोरच्या भिंतीला दोन खुर्च्या लावल्या तर दोन्ही बाजूंच्या चेहऱ्यांमध्ये साधारण सात फूट उरतात. आवाज न चढवता बोलायला हे उत्तम. सिडकोच्या लहान हॉलला नाव ठेवण्याची गरज नाही, या बाबतीत तो नशीबवान आहे. पंचाईत नव्या बंगल्यांच्या वीस फुटी हॉलची. तिथे सगळं फर्निचर भिंतींना चिकटवलं की व्याही-व्याही सभेत बोलल्यासारखे बोलतात आणि मधल्या रिकाम्या फरशीवर उजेड पडून राहतो. अशा हॉलमध्ये सोफा भिंतीपासून ओढून मधे आणावा, खाली गालिचा टाकून त्याच्या कडेवर पुढचे पाय घ्यावेत. टीपॉय हातभर अंतरावर हवा. पाहुण्याला चहाचा कप ठेवायला उठावं लागलं, तर तो कप हातातच धरून बसतो आणि मनात निघायची वेळ मोजतो.

टीव्ही फेकून द्या असं कुणी ऐकणार नाही. त्याला मुख्य भिंतीवरून काढून आडव्या, लहान भिंतीवर न्यावं. घरचे त्याला तिरके बसून पाहू शकतात, पाहुण्यांची बैठक मोडत नाही.

उजेडाचं गणितही डोळ्यांच्या उंचीवरून सुटतं. समई जमिनीवर, हंड्या साखळीने खाली ओढलेल्या, म्हणजे जुना उजेड बाजूने यायचा आणि चेहरे उजळायचे. तेलाच्या ज्योतीचा रंग जवळपास १९०० केल्विन, तांबूस. आजचा छतावरचा पांढरा एलईडी ६५०० केल्विनचा आणि थेट डोक्यावर. त्याने भुवयांखाली सावल्या पडतात, सगळे थकलेले दिसतात, आणि हिमरूच्या रेशमाची चकाकी मरते, कारण ती तिरप्या उजेडातच जिवंत होते. बैठकीसाठी २७०० ते ३००० केल्विनचे दोन-तीन दिवे वेगवेगळ्या कोपऱ्यांत, बसलेल्याच्या खांद्याच्या उंचीला ठेवावेत. छतावरचा दिवा फरशी पुसायला आहे.

आणि कान. व्हिट्रिफाइड फरशी, काचेच्या सरकत्या खिडक्या आणि पीओपीचं छत असलेल्या खोलीत चार माणसं बोलू लागली की शब्द शब्दावर आदळतात. गाद्या, लोड, जाजम, जाड पडदे हे सगळं आवाज पिणारं सामान होतं. त्यात भर उन्हाळ्याची. पूर्वी दुपारी खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी शिंपडत. खोली अंधारी, गार आणि सुगंधी व्हायची, आणि मुख्य म्हणजे शांत. मराठवाड्याचा कूलर गारवा देतो, पण त्याच्या घरघरीत सोयऱ्यांचा अर्धा प्रश्न हरवतो. पाहुणे यायच्या आधी तासभर कूलर पूर्ण वेगात लावावा, समोरची खिडकी उघडी ठेवावी, नाहीतर खोली दमट होते. ते आले की वेग कमी करावा.

जुन्या दिवाणखान्याची एक बाजू मात्र परत आणण्यासारखी नाही. ती पुरुषांची खोली होती. बायका माजघरात, दाराआड. आजही अनेक हॉलमध्ये मांडणी अशी असते, की चहा करणारी व्यक्ती स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर टेकते, अर्धी आत, अर्धी बाहेर. मुलगी बघायच्या कार्यक्रमात तर पोह्यांची बशी देऊन ती बसणार कुठे, हे कुणी ठरवलेलंच नसतं. बैठक मांडताना यजमानीणबाईंची जागा आधी मोजावी. ती स्वयंपाकघराला जवळची असावी, पण गोलातली असावी, आणि तिलाही पाठ टेकता यावी.

सगळं मांडून झालं, की पाहुण्याच्या प्रत्येक जागेवर घरातल्या कुणीतरी दोन मिनिटं बसावं. उभ्याने कधीच न दिसणारं तेव्हा दिसतं. टीव्हीखालच्या वायरींचं जंजाळ, टीपॉयच्या खालच्या फळीवरच्या जुन्या पेपरांची रद्दी, अर्धवट उघडं बेडरूमचं दार. फोटोफ्रेमची खालची कड तेवढी दिसते आणि वर काचेत पंखा फिरताना. फ्रेम खाली घ्यावी, चित्राचा मध्य सव्वाशे-एकशेतीस सेंटिमीटरवर. भिंत थोडी रिकामी दिसेल, दिसू द्यावी. पु. ल. देशपांड्यांनी 'मी आणि माझा शत्रुपक्ष' मध्ये नवं घर हौसेने दाखवणाऱ्या यजमानांना सोडलं नाही. ज्या दिवाणखान्यातली प्रत्येक वस्तू पाहुण्याला समजावून सांगावी लागते, त्यात बसायला जागा कमी उरते.

उभ्या नजरेला खोलीत एकच जागा द्यावी लागते, ती दाराजवळची. पानसुपारी होते, 'बरंय, निघतो' म्हणून मंडळी उठतात, आणि खरं बोलणं तेव्हा सुरू होतं. जमिनीचा व्यवहार, मुलाची नोकरी, कुणाची तब्येत, हे सगळं अर्धी चप्पल पायात घालून, उंबऱ्यावर. घरातल्या माणसांचे फोटो, आजोबांचं मानपत्र, नातीची चित्रं ही त्या भिंतीवर लावावीत, दीडशे सेंटिमीटरवर, कारण तिथे पाहुणा उभा असतो आणि त्याला घाई नसते. खाली चपलांवर पडेल असा एक वेगळा दिवा हवा. शेजारी टेकायला एक स्टूलही ठेवावं, गुडघे दुखणाऱ्या मामींसाठी.